किसनभाऊंची घोडी आणि बांधावरचं गवत

आज मार्गशीर्ष वद्य पंचमी. मंडळी, किसनभाऊ गेले आणि मी शेजारी असूनही इतके दिवस गप्प राहिलो, त्याची आधी माफी मागतो.

अनसिंगमध्ये भाऊंना कोण ओळखत नव्हतं? त्यांची वांगी, त्यांची मेथी आणि ती तांबडी घोडी. तिच्या पाठीवर भाजी लादून ते वाशीमच्या बाजाराला जायचे. मला चिडवायचे, "मास्तर, तुमी कालिज शिकले, पन तुमच्याहून माही घोडी चांगलं खाते. बांधावरचं हिरवंगार गवत!"

ते गवत हिरवंगार का होतं? घोडीची ताजी लीद भाऊ बांधावरच टाकायचे. आपण सगळेच टाकतो. लीद वाया घालवायची नाही, ही आपली रीत.

त्या दुपारी घोडीच्या पोटात कळ उठली. वळून वळून पोटाकडे बघायची, घामाने निथळायची. पोटशूळ झालेल्या जनावराला बसू द्यायचं नाही, म्हणून भाऊ दोरी धरून तिला फिरवत राहिले. यमुनावहिनी ओरडल्या, "सोडा तिले!" भाऊ म्हणाले, "सोडली त मरून जाईन ते!" घोडीने अंग टाकलं. ते भाऊंच्या अंगावर. भाऊ जागीच गेले. दिवस मावळायच्या आत घोडीही गेली.

मग कुजबुज सुरू झाली. शेजारच्या भागीरथीबाईंची नजर लागली. का? तर आदल्या दिवशी त्यांनी घोडीला भाकर चारली होती.

जनावरांच्या डॉक्टरांनी घोडी फाडली, तेव्हा मी तिथं उभा होतो. आतड्याला रक्त पुरवणारी नळी सुजलेली, तिच्यात जंतांची बारीक पिल्लं. पुढचं आतडं काळं पडलेलं. डॉक्टर म्हणाले, लिदीतून अंडी पडतात, पिल्लं गवतावर चढतात, गवताबरोबर पुन्हा पोटात जातात. प्रत्येक पोटशूळ जंतांमुळेच होतो असं नाही, हेही ते म्हणाले. पण इथं जंत होते. मी पाहिले. वहिनी, मी पाहिले.

मग यात नजर कुठे आली? भाकर कुठे आली?

भागीरथीबाई आज इथं नाहीत. त्यांना येऊ दिलं नाही. काल मला म्हणाल्या, "मास्तर, मी विहिरीवर गेली त बाया घागरी उचलून निंगून जातात. किसनभाऊ माहा भाऊच होता न. मले रडू बी देत नाईत."

भाऊ असते तर काय म्हणाले असते? ठाऊक नाही. गेलेल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत.

आता उभे राहूया. थोडा वेळ कुणी बोलू नका.

भाऊ, रामराम.

उद्या सकाळी माझं काम एकच: भागीरथीबाईंबरोबर घागर घेऊन विहिरीवर जायचं.