उसन्या लॅपटॉपची पूजा

सांगा बरं, उसनी वस्तू द्यायला भरवशाचा कोण, जपून वापरणारा की बेफिकीर? मी लई जपणारा, म्हणून विचारतो.

दुष्काळाचं साल होतं. माझ्या दुकानातून पाण्याच्या टाक्या पार करमाडपर्यंत जायच्या. ऐन खंडेनवमीला माझा कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या जोशीबाईंनी त्यांचा लॅपटॉप दिला.

"काका, पाचला परत द्या. संध्याकाळी त्यावरच माझी नोकरीची मुलाखत आहे."

दुकानातल्या सगळ्या अवजारांची पूजा करायची आणि पाहुण्याला वगळायचं, हे काय बरं दिसतं? त्यालाही हळद-कुंकू लावलं, किबोर्डच्या कोपऱ्यावर नारळ ठेवला. त्याबरोबर पडद्यावरचं सगळं उलटं झालं, खाली डोकं वर पाय.

बाई आल्या तेव्हा मी लॅपटॉपच उलटा धरून उभा होतो.

"बाई, माझ्यापायी तुमची मुलाखत गेली."

त्यांनी तीन बटणं एकदम दाबली आणि चित्र सरळ झालं. "काही नाही काका, नारळ नेमका या बटणांवर बसला होता."

"थांबा, कुंकू पुसून देतो."

"राहू द्या. मुलाखतीला निघालाय तो."

बाईंना नोकरी लागली. आता गल्ली म्हणते, पूजा फळली. तुम्ही मात्र हिशोब इमानानं ठेवा: घोळ माझ्या खात्यात, नोकरी बाईंच्या.