पावावरची फुली

फ्रान्सच्या लियाँ शहरात जर्मन शिरल्याला वर्ष झालं होतं. पावाच्या रांगेत पुढच्या दोघी कुजबुजत होत्या. टोपणनावानं कादंबऱ्या लिहिणारी सोलांज मागं उभी होती.

"चोरून छापलेली ती कादंबरी वाचलीस?"

"हळू बोल, बाई!"

"त्यातली पाववाली पाव कापण्याआधी सुरीनं दोनदा फुली काढते. एक देवासाठी, एक कैदेतल्या लेकासाठी."

"अगं, ही तर आपली ओदेत!"

"म्हणजे लिहिणारी याच रांगेतली."

"जर्मनांनीही तेच ताडलंय. काल ओदेतकडे गिऱ्हाइकांची नावं मागत होते."

दहा वर्षं सोलांज इथूनच पाव नेत होती.

तिचा नंबर आला. ओदेतनं फुली न काढताच पाव कापला.

"नवीन दिसता, बाई," ती मोठ्यानं म्हणाली. "तुमचं नाव नाही माझ्याकडे. पुन्हा येऊ नका."