पिवळा ठिपका

सोसायटीचे अध्यक्ष माननीय लीलाधरभाई, व्यासपीठावरचे युनियनचे पंढरीनाथराव, कारखान्यातली भावजी मंडळी आणि भाईंदर पूर्वेतल्या माझ्या शेजारणींनो, सर्वांना नमस्कार.

मी मॅट्रिक झालेली, घरचा हिशेब लिहिणारी बाई. सभेत बोलायचा सराव नाही. पण मागच्या फलकावर ज्यांचं नाव आहे, त्यांची खुर्ची रिकामी आहे हे तुम्ही बघताच आहात. आमचे हे खाली आहेत. निवृत्तीच्या सत्काराची शाल अंगावर घेऊनच गाडीखाली शिरलेत. का, ते सांगायला मी उभी आहे.

एकवीस वर्षं ह्यांनी कारखान्यात तयार गाड्या तपासल्या. तिथली रीत अशी, की जोडणाऱ्याने नट आवळायचा आणि आवळल्यावरच त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका बघून तपासणाऱ्याने शिक्का मारायचा. घरीसुद्धा, गॅस बंद केलास का, असं हे कधी विचारत नाहीत. “ठिपका दिलास का?” म्हणतात. आम्ही हसायचो.

गेल्या मार्चमध्ये महिनाअखेरीची घाई होती. जोडणीवरच्या सदूभावजींनी तीन मिनीबसच्या स्टिअरिंगच्या नटांना ठिपके आधीच देऊन टाकले. मग आवळायला घेतले, तर जेवणाचा भोंगा झाला. परत येऊन बघतात तो सगळीकडे पिवळंच! आवळलेले कुठले आणि राहिलेले कुठले? ते गप्प राहिले, ह्यांनी शिक्के मारले. भावजींचं नाव मी आपणहून घेत नाही हो. “वहिनी, नाव घेऊनच सांगा, नाहीतर लोक थट्टा समजतील,” असं मघाशी पाना घेऊन ह्यांच्यासोबत खाली जाताना त्यांनीच सांगितलंय.

संध्याकाळी भावजींना राहवलं नाही, त्यांनी ह्यांना सांगितलं. ह्यांनी साहेबांना गाठलं. साहेब म्हणाले, “राऊळ, ठिपका आहे ना? मग झालं.” दोन गाड्या आवारातच होत्या, त्या ह्यांनी स्वतः आवळल्या. तिसरी निघून गेली होती. तिचा चॅसी नंबर मी उपासाच्या तारखांच्या वहीत उतरवून ठेवला. आठ महिने दर एकादशीला तो डोळ्यांसमोर येतोय.

आज इथून डोंगरीला जेवायला जायचं, म्हणून तुम्ही प्रेमाने मिनीबस ठरवलीत. सवयीने ह्यांनी तिच्या दाराजवळची नंबराची पत्र्याची पट्टी वाचली. मला एवढंच म्हणाले, “अगं, वही आण.”

आकडा न आकडा जुळला.

ड्रायव्हर हसला. “अंकल, आज से आप रिटायर! आठ महिने से स्कूल के बच्चे घुमा रहा हूँ. मोड़ पे थोड़ा आवाज करती है, बस.”

थोडा आवाज. ऐकलंत?

म्हणून हात जोडून विनंती आहे, हे वर येईपर्यंत कोणी खाली जाऊ नका. मंदाताई, तुमची पिंकी खिडकीची जागा धरून बसली होती. तिला मी ओढून आणलंय. रडतेय, रडू दे. पंढरीनाथराव, घड्याळ बघू नका. जेवण गार झालं तर परत गरम होईल.

शाल दिलीत, मान दिलात, तुम्हा सगळ्यांची मी ऋणी आहे. ऐन आनंदात हे बोलावं लागलं. कमी-जास्त शब्द गेला असेल तर मोठ्या मनाने पदरात घ्या.

...या सदूभावजी, दारात का थांबलात? मूठ उघडा, सगळ्यांना बघू दे.

काय म्हणता? पाना लावावाच लागला नाही? नट बोटांनीच निघाला?

बघा हो मंडळी. ठिपका अजून तस्साच पिवळा आहे.