बावीस कागद, एकच अक्षर

नाही, पण मी काय म्हणतो, चौदा वर्षं ज्या माणसाले "जेवला का बाप्पा?" असं कोणी इचारलं नाही, त्याच्या हातात एका सकाळी छापील कागद दिला, अन् त्याच्यावर काय, त "आपण येथे सुखी आहात काय?"... मंग त्याले घाम नाही फुटणार? कय्युम मिस्त्रीले फुटला! भर माघाच्या थंडीत फुटला!

तुम्हाले सांगतो, हा कय्युम म्हणजे आमचा शेजारी, वणीच्या जिनिंगात इंजनावरचा फिटर. इंजन नुसतं खोकललं का त्याचं दुखणं ओळखे, पण माणसावर इश्वास? नाव नको! गवळ्यानं दूध पातळ आणलं त म्हणे पाणी घातलं, अन् घट्ट आणलं त म्हणे, "आजच काहून घट्ट? गोम हाय भाऊ, याच्यात गोम हाय!"

त त्या साली, त्रेसष्ट असंल, जिनिंगात माणसंच टिकेनात. आज एक गेला कोळशाच्या खाणीत, उद्या दोघं गेले, कापूस अंगणात पडून अन् हात नाहीत! मालक विठ्ठलराव कावून गेले. तवा त्याईचे जावई नंदकिशोरराव नागपुराहून मॅनेजर म्हणून आले, अन् आल्याबरोबर कागद छापून घेतले. सगळ्याईले अंगणात उभं केलं अन् कसे बोलले, "हे पाहा, माणसं आपल्याला का सोडून जातात, ते आम्हाला समजून घ्यायचं आहे. नाव लिहायचं नाही. मनात असेल ते मोकळेपणानं लिहा आणि या पेटीत टाका!"

मोकळेपणानं! बाजूले मुकादम हिरासिंग काठी घेऊन उभा, अन् म्हणे मोकळेपणानं!

कय्युम घरी आला, बायकोले, सुग्राबीले म्हणे, "नाव नाही इचारत... समजलं का? अक्षर पाहून धरणार! गोम हाय!" बाकीच्या बाप्याईनं त कोरेच कागद पेटीत टाकले. कोऱ्यावर कोणी कोणाले धरते का?

पण रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, कापूस टाकणाऱ्या बाया होत्या बावीस, अन् त्याईले कुठं लिवता येते? जिनिंगात अक्षर कोणाचं? कय्युमचं! सातवी पास, मोत्यावाणी अक्षर! संध्याकाळी त्याच्या ओट्यावर ही रांग! तानाबाई म्हणे, "लिव भाऊ, पाणी प्यायले उठलं का हिरासिंग अंगावर येते." मथुराबाई म्हणे, "माह्यं लेकरू कापसाच्या फुफाट्यात झोपवा लागते, दिसभर खोकते. एक छप्पर पाह्यजे, अन् पाजायले घडीभर सुट्टी." कांताबाई म्हणे, "लिव, सासू लय छळते."

"अवो मावशी, हे मालकाले कायले?"

"त्याईनंच इचारलं ना, सुखी हायेस का म्हणून? नाही ना बाप्पा मी!"

लिवलं! काय करता? अन् जाता जाता हरेक बाई हात जोडे, "भाऊ, आमचं नाव येऊ देऊ नको बरं, मुकादम त्याच दिवशी घरी बसवन." कय्युम म्हणे, "तोंड शिवलं समजा."

मंग उरला त्याचा स्वतःचा कागद. त्याच्यावर शेवटचा सवाल, "काम सोडण्याचा विचार आहे काय?" कय्युम ताडकन उठला! कारण त्याचा साळा शकील होता खाणीत, अन् तो महिन्याभरापासून म्हणून राह्यला होता का इकडंच ये. "हे मलेच इचारून राह्यले! शकीलचं त्याईले सांगितलं कोणी?" मंग या शहाण्यानं काय करावं? डाव्या हातानं लिवलं! कोंबडी चालली कागदावर, अशा अक्षरात: "मी सुखी आहे. मरेपर्यंत इथंच राहीन."

तेवीसही कागद पेटीत टाकून आला, जेवायले बसला, त सुग्राबी म्हणे, "अजी, वो बावीस कागजों पे किसका अच्छर है?"

घास हातातच राह्यला, भाऊ!

चौथ्या दिवशी बोलावणं. गादीवर मालक, बाजूले जावई, मधात कागदाईचा गठ्ठा. जावयानं इचारलं, "मिस्त्री, हे अक्षर तुमचंच ना? बावीसच्या बावीस?"

आता नाही कसा म्हणन? इंजनाच्या वहीत रोज तेच अक्षर! अन् बायाईचं नाव घेतलं त बावीस चुली थंड. कय्युम म्हणे, "हो जी. सारं माह्यंच म्हणणं हाय."

"पाणी प्यायला उठू देत नाहीत, हे तुमचं?"

"लय तहान लागते, साहेब."

"बाळाला पाजायला घडीभर सुट्टी हवी... हेही तुमचंच?"

कय्युमनं दाढीवरून हात फिरवला. "...हो जी."

"आणि सासू छळते?"

"तिचं त नावच काढू नका, साहेब!"

नंदकिशोरराव हसले. मूर्ख नव्हता माणूस! सासऱ्याले म्हणे, "मामा, बोलणं बायकांचं आहे, हा नावं सांगायचा नाही. पण खरं आहे सगळं. छप्पर बांधू."

मालक म्हणे, "बांधा. मटके ठेवा, सुट्टीबी द्या, हिरासिंगाले समज द्या. पण ज्याच्या ओट्यावर बावीस बाया रडायले जातात, तो उद्या संप करवन. तक्रारी ठेवा, मिस्त्रीले काढा!" अन् गठ्ठ्यातून तो कोंबडीचा कागद उचलला. "अन् हा कोण हाय गरीब? धड लिवता येत नाही, पण मरेपर्यंत इथंच म्हणते! याले शोधा. असेच माणसं पाह्यजे आपल्याले!"

कय्युमची जीभ वळवळली... पण हा कागद माह्या म्हणलं, त मालक इचारन, 'मंग ते बावीस कोणाचे?' अन् बायाईले त शब्द दिला होता.

छप्पर होळीच्या आत झालं. त्या हंगामात एक बाई काम सोडून गेली नाही, एक! इंजनासाठी कय्युमले हंगाम सरेपर्यंत ठेवला होता; त्याच्या शेवटल्या दिवशी मथुराबाईनं लेकरू त्याच्या मांडीवर ठेवलं, अन् हा बाहाद्दर म्हणे, "आज काहून खोकत नाही हे? गोम..." अन् लेकराचं टोपडं नीट करायले लागला.

मंग गेला शकीलकडं, खाणीत. तिथल्या बाबूनं चष्म्यावरून पाहून इचारलं, "चौदा वर्षाची नोकरी काहून सोडली?"

कय्युम म्हणे, "तिथली माणसं टिकावी म्हणून, बाबूजी."