कीबोर्डाचा परकर

उत्तरा : आई, गॅस बंद कर आणि इकडे ये! बाबा, तुम्ही पण. लवकर!

आई : अगं, किंचाळतेस काय एवढी? पोहे करपतील. आणि तुझी ट्रेन चुकेल.

उत्तरा : ट्रेनला वेळ आहे. हा लॅपटॉप बघ. असा नाही, इथे खिडकीपाशी उजेडात. या कापडावर एक तरी डाग दिसतोय तुला?

आई : नाही बाई. कसा दिसेल?

उत्तरा : तेच तर! बाबा, चष्मा लावून बघा ना.

बाबा : बघितलं, बघितलं. छान आहे. मी जरा पेपर वाचतो.

उत्तरा : पेपर कसला वाचताय! माझं नशीब उघडलंय आज. बसा दोघं. मीटिंगमध्ये मी कशी सुरुवात करणार ते ऐका. किया ओरा एव्हरीवन! हा इथल्या पद्धतीचा नमस्कार. आमच्या मिलने इथल्या लोकरीचं हे कापड खास लॅपटॉपसाठी विणलंय. मनगट टेकतं तिथे आणि कीजच्या मधल्या जागेत प्लास्टिक नाही, कापड. सगळे म्हणाले, दिसायला सुंदर, हाताला ऊबदार, पण महिन्याभरात पायपुसणं होणार याचं. म्हणून आम्ही पाच घरांत पाच लॅपटॉप दिले. सहा महिने वापरा म्हटलं. कसेही वापरा.

आई : हे सगळं इंग्रजीत सांगणार ना पण?

उत्तरा : हो गं! आता पुढचं ऐक. बाकीच्या चार घरांतले काल परत आले. बघवत नाहीत. एकावर कुत्रा झोपायचा. एकावर कॉफीचा हा एवढा नकाशा. आणि चारही ठिकाणी मनगटाखाली गोळेच गोळे, जुन्या स्वेटरला येतात तसे. मला रडू यायचं बाकी होतं. आणि आपल्या घरातला बघ! जिथे रोज फोडणी, रोज हळद! माझी बॉस आरोहा म्हणाली होती, उत्तरा, एक हळदीचं घर हवंच आपल्याला. म्हणून तर तुमच्याकडे दिला. आणि हळदीचंच घर पहिलं आलं! लॅपटॉप बनवणारी माणसं खास ऑकलंडहून आली आहेत आज. त्यांना पसंत पडलं तर ऑर्डर. नाही पडलं तर हे काम बंद, आणि मग मी घरी. पण आता कसली मी घरी बसतेय! हा त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला की झालं.

आई : मला बाई एवढं कौतुक कळत नाही. मळेल कसं? मी मळू दिलं तर ना! कव्हर आहे की त्याला.

उत्तरा : कसलं कव्हर?

आई : शिवलंय मी. थांब, आणते. तू येणार म्हणून आज घडी करून कपाटात ठेवलं होतं. हे बघ.

उत्तरा : आई… हा परकर आहे.

आई : होता. चांगलं जाड पांढरं कापड, फेकवेना. चारही बाजूंनी इलॅस्टिक घातलंय, लॅपटॉपच्या खालच्या अर्ध्याला टोपी घातल्यासारखं फिट बसतं. आणि अक्षरं दिसत नाहीत म्हणाले हे, म्हणून वरून काळ्या दोऱ्याने भरली. ए, बी, सी, डी, सगळी. आकडेसुद्धा. डोळे फुटायची वेळ आली, पण केलं पुरं.

उत्तरा : हे कधीपासून आहे यावर?

आई : तू आणून दिलास त्याच आठवड्यापासून. अगं, नवी कोरी वस्तू, त्यात तुझ्या ऑफिसची, ती काय उघडी वापरायची? सांगलीच्या घरी टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही आपण.

उत्तरा : अगं, पण वापरायलाच दिला होता ना! मळवायलाच दिला होता! सहा महिन्यांत या कापडाला वारा पण लागलेला नाही आणि मी इथे उड्या मारतेय. संपलं. हा मी नेऊच शकत नाही. उरले ते चार. चार पायपुसणी घेऊन उभी राहते आता त्यांच्यासमोर.

आई : म्हणजे मी तुझं नुकसान केलं?

उत्तरा : तू नाही गं… मीच सांगायला हवं होतं. कव्हर घालू नका असं सांगावं लागेल हे माझ्या डोक्यातच नाही आलं. माझ्या! जिच्या दप्तराला कव्हर होतं आणि त्या कव्हरला कव्हर होतं!

आई : अहो, ऐकताय ना? पोरीची नोकरी जायची वेळ आली आणि तुम्ही पेपरात डोकं घालून बसलाय. तो पेपर गेल्या आठवड्याचा आहे.

बाबा : ट्रेनची वेळ झाली, उत्तरा. जाताना मोकळ्या मनाने जा. जे असेल ते.

उत्तरा : थांबा. एक मिनिट. आई, हे कव्हर किती वेळा धुतलंस?

आई : धुवायची वेळच येत नाही. एकदा कधीतरी पाण्यातून काढलं असेल. आपल्याकडे हात धुऊनच बसतात माणसं.

उत्तरा : पण या लॅपटॉपमध्ये टायपिंगची मोजणी होते. पाच घरांत सगळ्यात जास्त टायपिंग इथे झालंय, हीप्स, म्हणजे ढीगभर झालंय, चार घरांचं मिळून होणार नाही एवढं. ते या परकरावर झालं असतं तर हा ई बघ, केव्हाच उसवला असता. हा तर करकरीत आहे.

आई : माझा टाका पक्का असतो.

उत्तरा : टाका पक्का आहे गं, पण कापड पांढरं शुभ्र! बोटांचा ठसा नाही, काही नाही. म्हणजे लॅपटॉप मळला नाही आणि कव्हरही मळलं नाही. मग एवढं टायपिंग झालं कुठे? आणि हे काय? ये, ये, हात लाव इथे. डाव्या कोपऱ्यात. लागलं हाताला?

आई : खरखरीत आहे जरा.

उत्तरा : गोळे आहेत! बारीकसे, पण आहेत! कव्हर असताना गोळे येतील का?

आई : नाही यायचे. … अहो.

बाबा : काय?

आई : टायपिंग कोण करतं या घरात? मी तर नुसते व्हिडिओ बघते. सांगलीतल्या सोसायटीचे सेक्रेटरी तुम्ही. तिथल्या गळक्या टाकीवर इथे बसून निबंध लिहिणारे तुम्ही.

बाबा : निबंध नाही, सूचना असतात त्या.

उत्तरा : बाबा, तुम्ही कव्हर काढायचात?

बाबा : … काढायचो.

उत्तरा : खरंच? बाबा! कधी? किती वेळा?

बाबा : रोजच. ही देवपूजेला बसली की, फिरायला गेली की. आणि मंगळवारी-शुक्रवारी ही पोहायचे टॉग्ज घेऊन पूलवर गेली की निवांत. दाराची चावी वाजली की परत घालायचो.

आई : सहा महिने? आणि मला सांगता येत नव्हतं?

बाबा : काय सांगणार, वसुधा? तुझी अक्षरं एक-एक घर सरकली आहेत. एस दाबला की डी उमटतो. टाकी दुरुस्त करा असं लिहिलं तर काहीतरी भलतंच गेलं ग्रुपवर, सोसायटीतल्या मधूने फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना म्हणून. पण तू रोज दुपारी खिडकीत बसून, सुई डोळ्याला लावून भरत होतीस. तुला कुठल्या तोंडाने सांगू की नको म्हणून?

आई : उसवून दिलं असतं मी.

बाबा : म्हणूनच नाही सांगितलं.

उत्तरा : बाबा, तुम्ही माझी नोकरी वाचवलीत! आता पटपट सांगा. हा लॅपटॉप तिथे न्यायचा, म्हणजे यावर काय काय सांडलं ते मला खरं खरं सांगावं लागणार. काय सांडलं?

बाबा : चहा.

उत्तरा : आणि?

बाबा : चहाच. तुझी आई करते तो. बिनसाखरेचा.

उत्तरा : हे एंटरच्या कडेला, फटीत पिवळं काय आहे मग?

बाबा : वसुधा, पोहे बघतेस का जरा?

आई : पोहे गेले खड्ड्यात. बोला.

उत्तरा : बाबा, नुसता चहा सांगून मी तिथे उभी राहणार नाही. त्यांनी बारीक भिंगातून बघितलं की सगळं कळतं. खरं कळलं तर नेते, नाही तर हा इथेच ठेवते. खरंच ठेवते.

बाबा : … कस्टर्ड स्क्वेअर.

आई : काय स्क्वेअर?

उत्तरा : अगं, ते डेअरीत मिळतं ना, काचेच्या कपाटात ठेवलेलं. वर-खाली खुसखुशीत पापुद्रे, मधे हा एवढा कस्टर्डचा थर आणि वरून साखरेचं आयसिंग.

आई : साखरेचं. दूध आणायला जातो म्हणून डेअरीत जायचात, ते यासाठी? रोज?

बाबा : रोज नाही गं, देवाशपथ! फक्त तुझ्या पूलच्या दिवशी. मंगळवार, शुक्रवार. ते नीट खाताच येत नाही, एका बाजूने चावलं की दुसऱ्या बाजूने बाहेर येतं. ते पडायचं कीबोर्डावर.

आई : तरी म्हटलं! बुधवारी आणि शनिवारी सकाळीच कशी यांची शुगर चढते! मी आपली तांदळाला दोष देत बसले. भात बंद केला मी तुमचा!

बाबा : माहीत आहे.

आई : माझाही केला.

बाबा : तुला कुणी सांगितलं होतं बंद करायला?

आई : तुम्ही ज्वारीची भाकरी चावत बसणार आणि मी तुमच्यासमोर वरणभात ओरपणार? घशाखाली उतरला असता का? भात मला किती आवडतो ते तुम्हाला माहीत नाही?

बाबा : … चुकलं माझं.

आई : ते बघू नंतर. पोरीला उशीर होतोय. तिला काय हवं ते सांगा आधी.

उत्तरा : बाबा, कस्टर्ड पडलं, मग ते काढलंत कशाने? लोकरीवर तेलकट, गोड, अंड्याचं! याहून वाईट काही पडूच शकत नाही. आणि डाग नाही! कंपनीने दिलेल्या ब्रशने काढलंत ना?

बाबा : कुठला ब्रश?

उत्तरा : डब्यात होता की. निळ्या दांड्याचा. प्रत्येक घराला फेसाची बाटली आणि ब्रश दिला होता आम्ही.

आई : तो होय? तो मी देव घासायला घेतला. समईच्या खाचेत काय सुरेख जातो!

उत्तरा : देव घासायला… आई! मग बाबा, तुम्ही?

बाबा : पहिल्यांदा सांडलं तेव्हा घाबरून खसाखसा घासलं टॉवेलने. ते हे गोळे, डाव्या कोपऱ्यातले. मग हात लावायचीच भीती वाटायला लागली. त्यानंतर सांडलं की कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, जुन्या बनियनची चिंधी बुडवायची, घट्ट पिळायची आणि नुसतं टेकवायचं. टेकवायचं, उचलायचं. घासायचं नाही. मग कोरड्या चिंधीने तसंच. आपोआप वाळायच्या आत ही पूलवरून यायची, म्हणून हिचा केस वाळवायचा ड्रायर लांबून धरायचो.

आई : लग्न झाल्यापासून स्वतःचा कप कधी विसळला नाही या माणसाने.

उत्तरा : थांबा, थांबा, थांबा! घासलं तिथे गोळे. टिपलं तिथे काहीच नाही. एकाच घरात, एकाच कापडावर! आणि बाकीच्या चार घरांनी काय केलं? आम्ही ब्रश दिला म्हणून इमानेइतबारे घासत बसले! गोळे आले, गोळ्यांत मळ धरला, मळला म्हणून आणखी घासलं! बाबा, कापड वाईट नाहीये! आमचा ब्रश वाईट आहे! आम्हीच घालवत होतो ते कापड!

बाबा : म्हणजे चांगलं झालं का?

उत्तरा : चांगलं? स्वीट ॲज, बाबा! एकदम झकास! आरोहाला ट्रेनमधूनच फोन करते. आई, ती बनियनची चिंधी दे मला.

आई : चिंधी घेऊन जाणार त्या लोकांसमोर? निदान धुऊन देते.

उत्तरा : आहे तशी दे! आणि तो ब्रश पण.

आई : त्यावर चिंचेचा कोळ आहे अजून.

उत्तरा : असू दे! दे! बाबा, किती मंगळवार-शुक्रवार झाले असतील याचा अंदाज मला मेसेज करा. खरा अंदाज हं. येते मी!

आई : पोहे तरी खाऊन जा!

उत्तरा : डब्यात दे, ट्रेनमध्ये खाते!

(दुपारी उत्तराचा फोन. आईने स्पीकर लावला आहे.)

उत्तरा : आई! बाबा! ऐकू येतंय का? त्यांच्या मुख्य बाईंनी बनियनची चिंधी स्वतःच्या हातात घेतली आणि तिथेच टेबलावर कापडावर लोणी सांडून टिपून बघितलं! गेलं! सगळ्यांसमोर गेलं! ऑर्डर लगेच नाही दिली, पण काम चालू राहणार. आणखी घरं घ्यायची, ब्रश कुणालाच द्यायचा नाही. आणि आरोहा म्हणाली, हळदीचं घर तेच ठेव. तुम्ही सांगलीला परत जाईपर्यंत लॅपटॉप तुमच्याकडे!

बाबा : अरे वा! शाब्बास गं पोरी!

उत्तरा : शाब्बास तुम्ही! आई, तू? रागावली आहेस अजून?

आई : रागावले आहे. ते माझं मी बघते. तू कामाचं सांग. कव्हर चालणार नाही ना आता?

उत्तरा : नाही गं. सॉरी. एवढं भरलंस तू…

आई : असू दे. ठेवते घडी करून. आणि यावर काही सांडलेलं चालतं ना? म्हणजे सांडायलाच हवं?

उत्तरा : हवंच. काय सांडलं, किती सांडलं, ते फक्त मला कळवत जा.

आई : मग लिहून घे. शुक्रवार बंद. मंगळवारी एक कस्टर्ड स्क्वेअर, मी पूलवरून परत आल्यावर.

बाबा : वसुधा…

आई : तुम्ही गप्प बसा. उत्तरा, अर्धा त्यांच्या नावावर लिही.

उत्तरा : आणि उरलेला अर्धा?

आई : तो माझ्या हातून सांडणार आहे.