कोल्ह्याच्या पोटातला इतिहास

—न्हाई बाबा, त्या चकतीवर दाबू नको. ती रंगीबेरंगी गोल, मधी निळा डोळा — क्रोम म्हणतात तिला. आमच्या घरात तिच्यावर बंदी हाय. आता तू म्हणशील, मी कंप्युटर दुरुस्त करायला आलो आन् ही म्हातारी मलाच शिकवून राहिली! शिकवत न्हाई रे. मला अक्षर येत न्हाई, आकडे तेवढे येतात, पर चित्रं वळखते. इंटरनेटात शिरायची तीन दारं हायत हितं — चकती, कोल्हा, आन् ती निळी लाट. लाटेला कुणी इचारत न्हाई, मशीनसंगंच आलेली, बिनबोलावलेल्या पाहुण्यावाणी कोपऱ्यात पडून ऱ्हाते. बस की नीट. बूट न्हाई काढलास? ऱ्हाऊ दे. माझ्या पोरानं, संघपालनं पाठवलं म्हणलास म्हणून आत घेतलं, न्हाईतर तो जळकोटला शाळेवर गेला की मी दार उघडत न्हाई आजकाल कुणाला.

का न्हाई उघडत? आता काय सांगावं. माझी नात, संघपालची थोरली, लुंबिनी. नांदेडला नर्सिंग शिकायली होती. तिथं एक जण मागं लागला. आधी लई गोड — नवा फोन त्यानंच घेऊन दिला, त्यातलं सगळं आपल्या हातानं चालू करून दिलं. मग हळूहळू — कुठं हायस, कुणासंगं हायस, हेच का घातलीस. आन् एक दिस हात पिरगाळला. करंगळी मोडली पोरीची. आली उठून उदगीरला. पर येऊन काय? लातूरला फारम भरायला गेली, तर हा स्टँडवर उभा! जळकोटला मावशीकडं गेली, तर हा पारापाशी उभा! आज्जी, म्हणे, ह्याला सांगतंय तरी कोण? मला वाटलं पार्वतम्मा — ही समोरची, दिसभर उंबऱ्यावर बसून ऱ्हाते, तोंडात तीळ भिजत न्हाई तिच्या. आठ दिस अबोला धरला मी तिच्याशी. आन् निघाली कोण? चकती!

म्हंजे चकतीचा दोष न्हाई, खोटं का बोलावं. लई हुशार हाय ती, सपासप पळते, एकदा सांगितलेलं इसरत न्हाई. पर खातं त्याचं होतं ना! त्यानं फोनात घालून दिलेलं, पोरीनं तेच हितं बी टाकलेलं. ही हितं बसून गाडीचा टाइम बघायची, आन् ते तिकडं त्याच्या हातात उमटायचं. आपण आपल्या चुलीपाशी कुजबुजावं आन् नांदेडात ऐकू जावं, असं झालं. मग तिनं खातं काढलं, फोन फेकला, आन् ह्या कोल्ह्याला आणलं. बघ कसा शेपटी गुंडाळून बसलाय. पोरीनं मला समजावलं — आज्जी, चकती काय, कोल्हा काय, दोघं बी चांगले, पर कोल्ह्यात आपण कुणाचंच खातं घातलं न्हाई, म्हणून ह्याच्या पोटातलं ह्याच्याच पोटात ऱ्हातं. मी म्हणलं, आन् कुणी पोटच फाडलं तर? तर हसली न्हाई ती. म्हणे, कुणी इथं खुर्चीतच येऊन बसला तर मग कोणता बी असो, सगळं दिसतंय.

पाणी बी घेतलं न्हाईस तू. गाडी गल्लीच्या तोंडालाच लावलास ती? मी दारातच होते, येताना बघितली. नंबराच्या पाटीवर सव्वीस हाय. लातूरहून आलो म्हणलास, तर चोवीस पाहिजे की. सव्वीस तर नांदेडची — मित्राची? हाव, आसंल. आसंल मित्राची.

तर ऐक. गेल्या ऐतवारी गेली पोरगी सकाळच्या गाडीनं. कुठं ते मी सांगायची न्हाई, मावशीला बी म्हाईत न्हाई. दवाखान्यात काम लागलं, ऱ्हायची खोली बी तिनं ह्याच कोल्ह्यात हुडकली, नकाशा बघून बघून. आटोवाला दारात भोंगा वाजवून राहिला, आन् ही पायरीवरून वरडते — आज्जी, कोल्ह्यातला इतिहास पुसून टाक! तीन रेघा, मग घड्याळ, मग पुस! हे मला लई लागलं बघ. इतिहास पुस? माझ्या नातीच्या तोंडी हे? आमचे आजे कोणत्या विहिरीवर तासतासभर उभे ऱ्हायचे, छप्पनला आमच्या बानं काय सोडलं, काय धरलं — दर पुनवेला विहारात मी पोरास्नी सांगते, तवा ही पहिल्या वळीत बसायची. ज्याचा इतिहास पुसला, त्याची मान पुन्हा खाली जाते, असं माझ्याच तोंडून ऐकलेली पोर! म्हणलं, जा बाई, गाडी चुकंल तुझी. आन् पुसलं न्हाई. बोट बी लावलं न्हाई. जसाच्या तसा ठेवलाय.

हाव, त्याच तीन रेघा. हाव, घड्याळ. — तुला बरं घावलं. उघडलं? अगं बया, किती वळी! काय लिहिलंय रे? वाच की मोठ्यानं. छप्पनचं काय हाय का त्यात? वाच ना. — फोटो कशाला काढायलास? दुरुस्तीला फोटो लागतो व्हय? मशीनची पेटी तर उघडली न्हाईस तू. पेचकस बी आणला न्हाईस.

असं व्हय. म्हंजे हा तिचा इतिहास. कुठं बघितलं, कुठं गेली, कुठली खोली —

संघपालनं न्हाई पाठवलं तुला.

उठलास? मेजावरचा तो फोन माझा हाय. खिशात कशाला घातलास? ठेव. ठेव म्हणते ना! — बरं, ने. ने बाबा. मला नावं वाचता येत न्हाईत, म्हणून तिचा नंबर त्यात न्हाईच, माझ्या डोक्यात हाय. आन् तुझ्या गाडीचा बी — सव्वीस, मधली अक्षरं सोड, मग चार सात शून्य नऊ. डोक्यातलं पुसायला कुठलं घड्याळ दाबशील? जा. व्हय बाहेर. समोरच्या घरी फोन हाय, तुझी गाडी चालू व्हायच्या आत लावते. पार्वतम्मा! ए पार्वतम्मा! फोन आण गं!

पार्वतम्मा?

दिसभर उंबऱ्यावर आसती, आन् आजच उंबरा रिकामा —