आबांची मॅच आणि हितेंद्रचं कार्ड

...आणि म्हणे साधं कार्ड! अहो, तुम्हाला सांगतो, पोरीचं लग्न ठरवताना लोक जेवढं डोकं खाजवत नाहीत, तेवढं आमच्या हितेंद्रनं त्या ग्राफिक्स कार्डापायी खाजवलं. लालबागची आमची चाळ, तिसरा मजला, भेटेल त्याला गॅलरीत अडवून एकच प्रश्न... कार्ड बदलावं, की राहू द्यावं? अरे बाबा, मला काय विचारतोस, मी गॅसचा रेग्युलेटर बदलायलासुद्धा बायकोला हाक मारतो!

आता कार्ड म्हणजे काय, तर कॉम्प्युटरच्या पोटात बसून गेमचं चित्र रंगवणारी वस्तू. हितेंद्रनं हौसेनं नवा स्क्रीन घेतला, फोर-के, भला मोठा... आणि पोटात कार्ड जुनंच! बॉलर धावत यायचा तो मध्येच फोटोसारखा उभा. मग गेम अडकू नये म्हणून हा चित्र पुसट करून खेळणार. त्याचा दोस्त राजरत्न, परळला कॉम्प्युटर रिपेअर करतो, त्यानं कपाळावर हात मारला. 'अबे, एवढ्या स्क्रीनवर धुकं बघतोस? टाक ना नवीन कार्ड! गवताची काडी न् काडी दिसेल, प्रेक्षकांचे चेहरे दिसतील!' बस्स, चेहरे म्हटल्यावर हितेंद्र मागे सरकला.

का? अहो, तिथंच तर घोडं अडलं होतं! हितेंद्रचे वडील, आबा, मूळचे मालवणचे. आधी गिरणी गेली, मग बायको गेली, आणि माणूस मुका झाल्यासारखा. जेवलात का? हूं. चहा घेता? हूं. एकदा हितेंद्र क्रिकेटचा गेम खेळत होता, आणि आबा मागून ओरडले, 'अरे, स्लिप लाव रे, स्लिप!' त्यांना वाटलं, खरी मॅच! आता कुठल्या तोंडानं सांगणार? तेव्हापासून रोज संध्याकाळी हा कंट्रोलर चादरीखाली लपवून बसणार, शेजारी आबा, आणि आख्खी गॅलरी कटात सामील! शेवंतीकाकू भाजी निवडता निवडता विचारणार, 'आज कोणाशी हो, आबा?' आणि आबा खुलून सांगणार. भारत रोज खेळतोय, रोज जिंकतोय... कुठल्या देशाची टीम रोज जिंकते, मला सांगा! पण पुसट चित्रात खपत होतं. उद्या लख्ख दिसलं तर? आबा पुन्हा गप्प झाले तर? नुसता झुरत होता बिचारा... कार्ड बदलावं, की राहू द्यावं?

शेवटी हौस ती हौस. घेऊन आला. राजरत्ननं बसवलं. संध्याकाळी मॅच सुरू, आणि काय ते चित्र! पिचवरच्या भेगा मोजून घ्याव्यात! आम्ही सगळे दारात श्वास रोखून, शेवंतीकाकूंची मेथी हातातच राहिलेली. सिक्स गेला, कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला... आणि आबा पुढं वाकले.

'झिला, ह्यो तांबड्या टोपीवालो शंभर ठिकाणी कसो रे बसलो?'

संपलं! हितेंद्रनं गेम थांबवला. 'आबा... ही खरी मॅच नाहीये. गेम आहे. मीच खेळतो.'

'ता माका म्हायत नाय? मॅच बघताना चादरीखाली अंगठे कोण नाचवता रे?'

'मग... बोललात का नाही कधी?'

'सांगूक गेलंय तर तू कानाक हेडफोन लावन एकटोच खेळत बसतलंस.'

हितेंद्रनं चादर बाजूला सारून डोळे पुसले. आणि आमच्याही डोळ्यांत पाणी आलं हो, खोटं कशाला बोलू! शेवंतीकाकू मान खाली घालून खुडलेलीच मेथी पुन्हा खुडायला लागल्या. आबा मात्र निवांत. 'बाकी कार्ड बरा आसा,' म्हणाले, 'पण आता एकदा तरी हर रे! रोज रोज जिंकान कंटाळो इलो माका.'

तर आता काय विचारता... एवढं नवंकोरं कार्ड, एवढं लख्ख चित्र, आणि आमचा हितेंद्र रोज संध्याकाळी मुद्दाम आऊट होत बसलाय! आणि वर आबा डाफरतात, 'हरतंस तर नीट हर रे, खरा वाटाक व्हया!'